रुग्णालय सोडून सगळीकडे

सागरछाया रुग्णालयाचे एक्स-रे आणि स्कॅन जगात कुठेही दिसत होते. पालघरच्या स्कॅन केंद्रात दिसत होते, चिंचणीत पेशंटच्या घरी मोबाइलवर दिसत होते, रुग्णालयासमोर रस्त्यापलीकडे असलेल्या नीलेशच्या झेरॉक्सच्या दुकानात तर मोठ्या पडद्यावर झकास दिसत होते. दिसत नव्हते ते फक्त बोईसरच्या सागरछाया रुग्णालयात.

रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात दोनच माणसं होती. विभागप्रमुख दर्पण वर्तक, आणि त्यांच्या हाताखाली हिना तामोरे. हिना घिवली गावची. पालघरला इंजिनिअरिंग करून इथे लागली होती आणि लागल्यापासून दुसऱ्या महिन्यातच तिच्या लक्षात आलं होतं, की आपल्या साहेबांना काही येत नाही. नुसतं येत नाही असं नाही. येत नाही हे झाकण्याची कला त्यांना फार चांगली येते. सर्व्हरच्या खोलीबाहेर त्यांनी चपला काढायला लावणारी पाटी लावली होती. दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार घातला जाई आणि हळदीकुंकवाचं बोट लागे. ते कुंकू वर्षभर पंख्याच्या जाळीत अडकून राही. हिना दर महिन्याला ते ब्रशने साफ करी आणि मनातल्या मनात वर्तकांना नावं ठेवी.

झालं होतं असं, की आधी स्कॅनचे फोटो रुग्णालयातल्याच एका यंत्रात साठवत. अक्षय्य तृतीयेला रुग्णालयाच्या ट्रस्टने ते काम बाहेरच्या कंपनीला दिलं. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि वर्तकांनी भाषण करून सांगितलं की आता सागरछायाचे फोटो क्लाउडवर, म्हणजे ढगात गेले. दुसऱ्या दिवसापासून रुग्णालयातल्या एकाही कॉम्प्युटरवर ते उघडेनात.

कारण हिनाला चहा संपायच्या आत सापडलं. कॉम्प्युटरला नाव कळत नाही, पत्ता लागतो. आणि कुठल्या नावाचा पत्ता काय, हे सांगणारा एक सर्व्हर असतो, त्याला डीएनएस म्हणतात. रुग्णालयाचा स्वतःचा असा एक सर्व्हर होता. वर्तकांनी तो दहा वर्षांपूर्वी बसवला होता आणि बसवताना त्याला सांगून ठेवलं होतं, की 'सागरछाया' या नावाचा मालक तूच. त्यामुळे या नावाखालचं काहीही कोणी विचारलं की तो स्वतःच उत्तर देई. फोटोंची नवी सेवा बाहेर सुरू झाली हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो ठामपणे म्हणे, असं काही नाहीच. बाहेर विचारावं असं त्याच्या मनातही येत नसे, कारण मालक परक्याला कशाला विचारील?

"सर," हिना वर्तकांना म्हणाली, "आतल्या डीएनएसमध्ये एक ओळ घालायची. हे नाव विचारलं तर बाहेरच्या कंपनीकडे बोट दाखव, एवढंच. पाच मिनिटांचं काम आहे."

वर्तक पान चावत होते. ते पुरतं चावून झाल्यावर म्हणाले, "दहा वर्षांत तो सर्व्हर एकदाही बंद पडलेला नाही."

"बंद पडलाय असं मी म्हणत नाही. चुकीचं सांगतोय म्हणते."

"जो दहा वर्षांत बंद पडला नाही तो चुकीचं कसा सांगेल?"

हिनाने परत समजवायला तोंड उघडलं. वर्तकांनी बोट वर केलं. "दोष बाहेरच्या कंपनीचा आहे. माझ्या सर्व्हरला हात लावायचा नाही."

हात लावता येणारही नव्हता. त्याचा पासवर्ड एकट्या वर्तकांकडे होता. हिनाकडे होते प्रिंटर, केबल, आणि नर्सच्या टेबलावरचे अडकलेले माउस.

मग वर्तकांचे उपाय सुरू झाले. त्यांनी बाहेरच्या कंपनीला कडक शब्दांत मेल लिहिले. तिथला माणूस रोज नम्रपणे कळवी, की कृपया आपला आतला डीएनएस तपासावा. वर्तक ते मोठ्याने वाचून दाखवत आणि म्हणत, "बघितलंस? जबाबदारी कशी ढकलतात ही माणसं." त्यांनी इंटरनेटची दुसरी लाइन मागवली. आता फोटो दोन लाइनींवर उघडेनासे झाले. डॉक्टरांनी आपल्या मोबाइलचं इंटरनेट रुग्णालयाच्या कॉम्प्युटरला जोडू नये, असं एक परिपत्रक त्यांनी काढलं. कारण काय, तर सुरक्षा. शेवटी ठाण्याहून भाग्येश नावाचा एक सल्लागार आला. त्याने सगळे कॉम्प्युटर बंद करून चालू केले, दुपारी पापलेटची थाळी जेवला, आणि एक महागडं यंत्र घ्यायचा सल्ला देऊन गाडीत बसायला निघाला. हिनाने त्याला पायऱ्यांवर गाठून खरी गोष्ट सांगितली.

"बरोबर आहे मॅडम तुमचं," भाग्येश म्हणाला. "मला आल्या आल्याच दिसलं ते. पण मला सरांनी बोलावलंय ना."

हिनाला वर्तकांची निदान कीव तरी येत असे. या माणसाची तीही आली नाही.

इकडे डॉक्टर मोनाली चुरींनी स्वतःचा मार्ग काढला होता. तपासणी झाली की त्या पांढऱ्या कोटातच रस्त्यावर उतरत, केमिकलच्या टँकरना हात दाखवून थांबवत, आणि नीलेशच्या दुकानात जाऊन त्याच्या कॉम्प्युटरवर आपल्याच पेशंटांचे फोटो बघत. आधार कार्डाच्या प्रती काढायला आलेली गिऱ्हाइकं मागे उभी राहून कोणाच्या तरी फुप्फुसाकडे बघत. नीलेश त्यांना खुर्ची द्यायचा आणि बाकीच्यांना सांगायचा, "जरा थांबा, मॅडमचं चाललंय."

हिना दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून हे रोज बघे. एवढी शिकलेली बाई, आणि रोज झेरॉक्सवाल्याकडे खुर्ची मागते. फोन करते तोही वर्तकांना. वर्तक म्हणतात उद्यापर्यंत होईल, आणि ही विश्वास ठेवते. कॉम्प्युटर विभागात दुसरं माणूस आहे, त्याला विचारावं, हे या बाईच्या डोक्यात येत नाही. हिनाला त्या रस्ता ओलांडण्यात थोडी मजाही वाटू लागली होती. जेवढ्या फेऱ्या जास्त, तेवढे वर्तक उघडे पडणार.

घरी ती आईला हे सगळं रंगवून सांगे. एकदा तिची आई वत्सला मासळी वाळवायच्या बांबूच्या वलांड्यांवरचे वाळलेले बोंबील उतरवत होती, तेव्हा हिना पायरीवर बसून वर्तकांची नक्कल करत होती. वत्सला आधी हसली. मग हातातले बोंबील टोपलीत टाकत म्हणाली, "ती डॉक्टरीण रोज रस्ता वलांडते, तिला तरी सांगितलंस का, असं असं हाय म्हणून?"

"तिने मला विचारलं कधी?"

"तुला तोंड हाय ना?"

"आई, तुला नाही कळणार. तिथे मी मध्ये बोलले की वर्तक सरांना राग येतो."

"तुला सगलीच मानसं येडी वाटतात, हिना," वत्सला म्हणाली आणि टोपली उचलून आत गेली.

मे सरत आला तेव्हा एका वीटभट्टीवरून चिंतू धोडी आपल्या बायकोला घेऊन रुग्णालयात आला. दोघं विक्रमगडकडच्या डोंगरातली, दिवाळीनंतर भट्टीवर आलेली. त्याची बायको लाडकी विटा भरलेल्या ट्रकवरून पडली होती. पडली तेव्हा उठून कामाला लागली. नंतर तिचं डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या. डॉक्टर मोनालींनी तिला तपासून ताबडतोब पालघरला स्कॅनला पाठवलं. स्कॅन संध्याकाळी झालं, आणि ती दोघं परतीच्या गाडीअभावी पालघरच्या एसटी स्टँडवरच झोपली.

त्या संध्याकाळी मोनालींनी रुग्णालयाच्या आवारातल्या आपल्या खोलीत बसून मोबाइलवर ते फोटो उघडले होते. टीचभर चित्रात कवटीच्या एका कडेला काहीतरी फिकट दिसल्यासारखं वाटलं. पण खात्री होईना. नीलेशचं दुकान बंद झालेलं. पालघरला फोन केला तर रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर निघून गेले होते. सकाळी मोठ्या पडद्यावर बघू, असं त्यांनी ठरवलं.

सकाळ शुक्रवारची होती. शुक्रवारी बोईसरला दुरुस्तीसाठी लाइट जाते. रुग्णालयाचा जनरेटर सुरू झाला. नीलेशने शटर उघडलंच नाही.

चिंतू लाडकीला धरून आला तेव्हा ती नीट चालत नव्हती. "कालपर्यंत बोलत होती," तो मोनालींना म्हणाला. "आता काय बोलते ते कलत नाय मला. माझा नाव पन इसरली."

मोनालींनी वर्तकांना फोन लावला. वर्तक पालघरला ट्रस्टच्या बैठकीत दुसऱ्या लाइनीचं महत्त्व समजावून सांगत होते. त्यांनी फोन उचलला नाही. तेव्हा मोनाली दोन जिने धावत चढून सर्व्हरच्या खोलीपाशी आल्या. चपला न काढताच आत शिरल्या.

"वर्तक कुठे आहेत?"

"पालघरला," हिना म्हणाली.

"मला एक स्कॅन आत्ताच्या आत्ता मोठ्या पडद्यावर बघायचंय. बाई खाली बसलीय, तिचा उजवा हात लुळा पडत चाललाय. दुसरं कोणी आहे का, ज्याला काही करता येईल?"

हिना उठली. मोनालींच्या मागून खाली गेली, त्यांच्या टेबलापाशी उभी राहिली आणि त्यांच्याच कॉम्प्युटरवरची एक छोटी फाइल तिने उघडली. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये ती असते. तिच्यात नाव आणि पत्ता लिहून ठेवला, की त्या नावापुरता तो कॉम्प्युटर सर्व्हरला विचारायला जातच नाही. वर्तकांचा पासवर्ड त्याला लागत नाही. हिनाने सेवेचं नाव लिहिलं, शेजारी पत्ता लिहिला. पत्ता तिला पाठ होता. फाइल बंद केली, आणि फोटोंचं पान उघडलं.

मोनालींनी लाडकीचं नाव शोधलं. काळ्या पडद्यावर राखाडी मेंदू आला. मोनालींनी माउसने चित्रं जेमतेम एकदा वरखाली फिरवली आणि फोन उचलला. अॅम्ब्युलन्स लावा म्हणाल्या. वापीला ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः सांगितलं, की कवटीच्या आत रक्त साचलंय, मेंदू एका बाजूला ढकलला गेलाय, पेशंट निघतोय. चिंतूला त्यांनी खांद्याला धरून समोर बसवलं आणि सावकाश समजावलं. तो मान हलवत राहिला. लाडकीला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तिच्या पायाला अजून भट्टीची लाल माती होती.

अॅम्ब्युलन्स गेल्यावर मोनाली खोलीत परत आल्या. हिना तिथेच उभी होती. आता आपल्याला शाबासकी मिळणार, आणि मग आपण वर्तकांबद्दल सगळं सांगायचं, असं तिने मनात जुळवलं होतं.

"हे तू काय केलंस आत्ता?" मोनालींनी विचारलं.

हिनाने सांगितलं. आतला डीएनएस, मालकी, एक ओळ, वर्तकांचा पासवर्ड, सगळं. हे कॉम्प्युटरवरचं काम म्हणजे मलमपट्टी, खरा इलाज सर्व्हरवरच करायला हवा, हेही सांगितलं.

"ही मलमपट्टी पहिल्या दिवशी करता आली असती?"

"हो."

"माझ्या या कॉम्प्युटरवर? पहिल्याच दिवशी?"

"हो, पण ती योग्य पद्धत नाही. प्रत्येक कॉम्प्युटरवर असं लिहीत बसलं तर उद्या पत्ता बदलला की गोंधळ. आणि वर्तक सरांची चूक तशीच झाकली गेली असती."

मोनालींनी माउस बाजूला सारला.

"तुम्ही मला कधी विचारलं नाहीत," हिना म्हणाली.

मोनालींनी तिच्याकडे बघितलं. ती नजर हिनाच्या ओळखीची होती. पाटीवरून, हारावरून, भाग्येशच्या थाळीवरून तिची स्वतःची नजर अशीच फिरत असे. ती आपल्यावर येऊन थांबलेली तिने आजवर अनुभवली नव्हती.

"मी त्या रस्त्यावर टँकर थांबवत होते," मोनाली म्हणाल्या, "आणि तू वरून बघत होतीस. मला खिडकीत दिसायचीस तू. मला वाटायचं, हिला माझी काळजी वाटते." त्यांनी पडद्याकडे तोंड फिरवलं. "जा आता. बाकीच्या डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर पण कर. योग्य पद्धत नंतर बघू."

हिना गेली आणि तिने एकेक टेबल करून सगळीकडे ती ओळ लिहिली. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी म्हणालं, "एवढंच होतं?"

पुढच्या आठवड्यात विश्वस्त रूपालीताई सावे स्वतः रुग्णालयात आल्या. वर्तकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझ्या मार्गदर्शनाखाली तात्पुरता उपाय केला आहे, असं त्यांनी सांगितलं आणि दुसऱ्या लाइनीमुळे वेग वाढल्याचं जोडून दिलं. मोनालींनी त्यांना मध्येच थांबवलं. सर्व्हरवर काय करायला हवं होतं, ते कोणी आणि का करू दिलं नाही, हे त्यांनी तीन वाक्यांत मांडलं. मग त्या तेवढ्याच कोरड्या आवाजात म्हणाल्या, "आणि ज्यांना हे माहीत होतं त्या गप्प बसल्या." नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. त्या चौघांशिवाय खोलीत दुसरं कोणी नव्हतं. हिनाने वर्तकांकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, पहिल्यांदाच, आपलेपणा होता. तिने त्यांच्यावरून नजर काढून घेतली.

रूपालीताईंनी पासवर्ड हिनाला द्यायला सांगितलं. वर्तकांनी तो सर्व्हरच्या खोलीत, दार लोटून, कुजबुजत सांगितला. 'दर्पण', आणि पुढे एक, दोन, तीन. हिनाला हसू येईना. एवढ्या दिवसांत तिने तो ओळखायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. तिने आतल्या डीएनएसला सांगितलं, की फोटोंच्या नावाबद्दल यापुढे तू उत्तर द्यायचं नाहीस, बाहेरच्यांना विचारायचंस. मग सगळ्या टेबलांवर फिरून तिने आपल्या ओळी पुसल्या. काम पाच मिनिटांचं म्हणाली होती. पुसायलाच दुपार गेली. फोटो उघडत राहिले. वर्तकांनी संध्याकाळी सर्व्हरला उदबत्ती लावली.

लाडकीचं ऑपरेशन झालं आणि ती वाचली. जूनच्या अखेरीला चिंतू तिला तपासणीला घेऊन आला. डोक्यावर नुकते केस फुटत होते. उजव्या हाताने पेला धरता येत होता, पण नीट नाही. काही शब्द सापडत, काही सापडत नसत.

मोनालींनी हिनाला खोलीत बोलावून घेतलं. त्या दिवसानंतर कामापलीकडे त्या तिच्याशी बोलल्या नव्हत्या. पडद्यावर लाडकीच्या स्कॅनची दोन चित्रं शेजारी शेजारी लावली होती.

"हे तू उघडून दिलेलं. हे वापीला पोचल्यावर काढलेलं." त्यांनी बोटाने कडेची, साचलेल्या रक्ताची पांढरट पट्टी दाखवली. "ही जाडी बघ. आणि ही."

दुसरी जाड होती. हे हिनालाही दिसलं.

"हाताचं हे..." हिना म्हणाली. "आदल्या संध्याकाळी बघता आलं असतं तर?"

"मला माहीत नाही," मोनाली म्हणाल्या. "मोबाइलवर मी बघितलं होतं. मीही सकाळवर टाकलं. तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही हे. तुला बरं वाटावं असं मला वाटतही नाही."

बाहेर ओसरीत चिंतू वर्तकांपुढे हात जोडून उभा होता. कॉम्प्युटरच्या सायबांनी फोटो दाखवला म्हणून बायको वाचली, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्याने डोंगरातून शेवळांच्या रानभाजीची एक जुडी आणली होती. वर्तकांनी ती घेतली. "मी फक्त माझं कर्तव्य केलं," ते म्हणाले, आणि चिंतूच्या पाठीवर हात ठेवला. हिना दारात थांबली. त्यांना तिथल्या तिथे खोटं पाडता आलं असतं. पण मग चिंतूने विचारलं असतं, की मग फोटो कोणी दाखवला, आणि इतक्या उशिरा का?

लाडकी बाकावर बसली होती. तिने हिनाकडे मान वर करून बघितलं.

"तू..." ती म्हणाली, आणि पुढचा शब्द शोधत राहिली. हिना उभी राहिली. बऱ्याच वेळाने तो सापडला. "तू नर्स?"

"नाही. कॉम्प्युटरचं काम करते मी."

लाडकीने वर्तकांकडे बघितलं, मग पुन्हा हिनाकडे. "त्या सायबाच्या हाताखाली?"

घिवलीत, नातेवाइकांत, कॉलेजच्या मैत्रिणींत हिनाने हे कधी कबूल केलं नव्हतं. आम्ही दोघं विभाग बघतो, असं ती सांगायची.

"हो," ती म्हणाली. "त्यांच्याच हाताखाली."

लाडकीने मान डोलावली आणि बाकावर थोडं सरकून तिला बसायला जागा करून दिली.